दोन पायऱ्या थंड

सोमवार, १२ मे २००३

आधी एक दुरुस्ती.

४ मेच्या पानावर मी लिहिलं आहे, 'मिस्टर ड्यूईंनी टायमिंग नीट तपासलं नव्हतं, म्हणून डॅडींचं इंजिन गेलं.' हे खोटं आहे. मुद्दाम लिहिलेलं नाही, पण खोटं आहे. टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते, तपासलं होतं. गुरुवारी, १ मेला, पाचच्या सुमारास, त्यांच्या शेडमध्ये. मला हे ठाऊक असायलाच हवं होतं, कारण टायमिंग मोजायचा दिवा मी धरला होता. ठिणगी चौतीस अंशांवर पडत होती. मिस्टर ड्यूईंनी मला तो आकडा मोठ्याने वाचायला लावला, मग ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट आवळला आणि त्याच्या बुडाशी पिवळ्या खडूची रेघ ओढली. "आता हलला तर ही रेघ चहाडी करेल," म्हणाले.

ते पान मी फाडलेलं नाही. वाक्य तसंच ठेवून शेजारी आजची तारीख घातली आहे.

चूक कशी झाली तेही लिहिते. ३ मेला शर्यतीच्या पाव मैलाच्या पट्टीवर तिसऱ्या धावेत डॅडींच्या पॉन्टियाकमधून पत्र्याच्या डब्यात खडी हलवल्यासारखा आवाज आला आणि मागून पांढरा धूर निघाला. एकोणीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली १९६९ची गाडी. डॅडी ॲक्सलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन हिवाळे खपून ती उभी केली होती. इंजिन मिस्टर ड्यूईंनी बांधलं, इथल्या सगळ्यांची तेच बांधतात, वरचं सगळं आम्ही बापलेकीने घरी लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये ते उघडलं, तर सहाव्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक.

इंजिनाचं डोकं उघडण्याआधी मिस्टर ड्यूईंनी ठिणगी टाकणारे आठही प्लग काढून लाकडी ठोकळ्यात सिलिंडरच्या क्रमाने लावले. इकडे सगळे तसेच लावतात. प्लगच्या टोकाचा रंग बघून आत काय चाललं होतं ते वाचता येतं. त्यांनी भिंगातून सहावा प्लग पाहिला. बराच वेळ पाहिला, फिरवून बाजूचा नंबर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का, पोरी?"

मी नाही म्हटलं. ते डॅडींकडे वळले. "हर्शेल, टायमिंग पुढे सरकलं असणार. बोल्ट माझ्याच हातून ढिला राहिला."

मी घरी येऊन तेच खरं धरलं. पण इंजिन बाहेर काढताना खडूची रेघ मी पाहिली होती. जागेवर होती, केसभरही हललेली नव्हती. आज भांडी घासताना ते आठवलं आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. मिस्टर ड्यूई त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. विसरले असतील.


बुधवार, १४ मे

डॅडींना रेघेबद्दल सांगितलं. ते व्हरांड्यात बूट काढत होते.

"तो स्वतः म्हणतोय ना?"

"हो, पण रेघ..."

"चाळीस वर्षं ओळखतो मी ड्यूईला. आजवर कधी स्वतःची चूक कबूल केलेली नाही त्याने. आता केली म्हणजे खरीच असणार."

 


शनिवार, १७ मे

गाडीवाल्यांच्या क्लबच्या न्याहारीला डॅडींबरोबर गेले. एरवी जात नाही, पण घरात चैन पडत नव्हती. लांब टेबलावर दहा-बाराजण, मऊ पावासारख्या बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही, आणि विषय एकच.

क्लबचे अध्यक्ष बर्ल कॉडिल म्हणाले, "डोळे गेले त्याचे, दुसरं काय. मागच्या महिन्यात माझ्याच गाडीला माझी गाडी म्हणून ओळखलं नाही त्याने."

"तू रंग बदलला होतास, बर्ल."

"एक दारच बदललं होतं."

सगळे हसले. मग बर्लनी सांगितलं की ते स्वतःचा इंजिन ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा लोखंडी ठोकळा, मिस्टर ड्यूईंच्या शेडमधून उचलून हॅमिल्टनच्या दुकानात नेणार आहेत. आणखी दोघांनी मान डोलावली. टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी विचारलं, "हर्शेल, प्लग कोणते होते रे?"

डॅडींनी काटा खाली ठेवला. "प्लगचं नाव काढायचं नाही. प्लग माझ्या मुलीने निवडले. आमच्या घराण्यात नववीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, ही डेटनला इंजिनियरिंग शिकते आहे. तीन आठवडे तक्ते करत होती. आख्ख्या गाडीत एकच गोष्ट अशी होती जिची मला काळजी नव्हती."

कोणी पुढे विचारलं नाही. तेवढ्यात मिस्टर ड्यूई आत आले.  त्यांनी हात वर केला आणि काउंटरपाशी एकट्याने बसून कॉफी घेतली. त्यांच्यासाठी नेहमी ठेवतात त्या खुर्चीवर बर्लची टोपी होती. बर्लनी ती उचलली नाही.

मीही उचलली नाही.


सोमवार, १९ मे

डॅडींनी नवीन इंजिन हॅमिल्टनच्या दुकानाला दिलं आहे. सकाळी म्हणाले, "तेच प्लग पुन्हा घेऊन ठेव." मागच्या वेळी मी ते टपालाने मागवले होते. या वेळी थांबायचा धीर नव्हता म्हणून थेट पार्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवर मिस जोलीन होत्या. बोलणं आठवेल तसं सगळं लिहिते.

मी नंबर सांगितला. शेवटचा आकडा चार.

"हे कशाला हवेत गं? गवत कापायच्या ट्रॅक्टरला?"

"नाही. पॉन्टियाकला. चारशे घनइंच. दाब वाढवलेला आहे, साडेदहा."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "साडेदहा दाबाला चार?"

"दोन पायऱ्या थंड हवेत. म्हणून दोनने खालचा घेतला."

"खालचा थंड तो यांच्यात," त्यांनी मागच्या फळीवरच्या जुन्या कंपनीच्या धुळकट खोक्याकडे अंगठा केला. "तू मागते आहेस ते जपानी. ते उलटे मोजतात. त्यांच्यात वरचा आकडा थंड. तुला आठ हवेत, चार नव्हेत. बरं झालं तोंड उघडलंस. चार लावून पट्टीवर गेली असतीस तर पिस्टन वितळवून घरी आली असतीस."

मी आभार मानले. आठ नंबरचे आठ प्लग घेतले. ट्रकमध्ये बसले आणि किल्ली लावली नाही. चाळीस मिनिटं. घड्याळ पाहिलं होतं.


मंगळवार, २० मे

मला हे नीट मांडायला हवं, म्हणजे कुठे पळवाट राहणार नाही.

फेब्रुवारीत मिस्टर ड्यूई म्हणाले होते, "दाब वाढवलाय, तेव्हा प्लग मूळच्यापेक्षा दोन पायऱ्या थंड घ्या." गरम प्लग म्हणजे ज्याचं टोक उष्णता धरून ठेवतं. संथ चालणाऱ्या इंजिनात तेच बरं, काजळी जळून जाते. दाबाच्या, जोरात पळणाऱ्या इंजिनात मात्र ते टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल स्वतःच पेटवतं. मग पिस्टनला भोक पडतं.

हे मला तेव्हाही माहीत होतं. तक्त्याच्या वर मीच लिहिलं होतं, निळ्या शाईने.

जुन्या कंपनीच्या पुस्तकात मूळचा प्लग पंचेचाळीस. दोन पायऱ्या थंड म्हणजे त्रेचाळीस. तो आता मिळत नाही, म्हणून मी जपानी पुस्तक घेतलं. त्यात मूळच्याशी जुळणारा सहा. सहातून दोन गेले चार. त्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर बाण काढून दाखवलेलं आहे की थंड कुठे आणि गरम कुठे. आज ते पान उघडलं. बाण चांगला बोटभर लांब आहे. तीन आठवडे माझ्याकडे पुस्तक होतं. ठिणगीचं अंतर, आट्यांची लांबी, बैठक, सगळं मी तीन-तीनदा तपासलं. दिशा तपासली नाही, कारण दिशा मला माहीत होती.

आणखी एक. मिस्टर ड्यूईंनी एप्रिलमध्ये विचारलं होतं, "कोणता नंबर आणलास?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलेत तसेच, दोन पायऱ्या थंड." आकडा सांगितला असता तर त्यांनी तिथेच अडवलं असतं. का सांगितला नाही? मला वाटतं, आकड्यापेक्षा ते उत्तर मला जास्त शिकल्यासारखं वाटलं.


शुक्रवार, २३ मे

पुरावा हवा होता. चुकून बरोबर नंबरचे प्लग आले असतील तर? खोक्यावर एक आणि आत एक, असं होतं कधी कधी. मी अशी आशा करते आहे, हेही लिहून ठेवते.

दुपारी मिस्टर ड्यूईंच्या शेडवर गेले. फरशीवर तीन चौकोनी डाग होते, जिथे तीन ब्लॉक ठेवलेले असायचे. ते झाडू मारत होते. झाडण्यासारखं काही नव्हतं.

"मिस्टर ड्यूई, डॅडींच्या इंजिनातले जुने प्लग मला मिळतील का?"

"फेकले."

"आठही?"

"एकाला ठेवून काय करायचं?"

वरच्या फळीवर त्यांचा लाकडी ठोकळा होता, लाल फडक्याखाली झाकलेला. फडकं जागोजागी वर आलेलं होतं, म्हणजे भोकांत काहीतरी असणार. ड्रिलची पाती ठेवत असतील.

"कॉलेज पुन्हा कधी?" त्यांनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"मग अभ्यासाकडे बघ. लोकांना एक कारण लागतं, ते त्यांना मिळालंय. माझ्या वयाला फरक पडत नाही. तुझ्या वयाला पडतो."

हे ते का म्हणाले, मला कळलं नाही. मी धीर केला. "मिस्टर ड्यूई, त्या प्लगबद्दलच मला..."

त्यांनी कॉम्प्रेसर सुरू केला. तो चालू असताना शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मी वीस मिनिटं उभी राहिले. ते हवेच्या नळीने एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा साफ करत होते. मग मी हात हलवून निघाले. त्यांचं ऐकणं कमी होत चाललं आहे, हे खरं असावं.


सोमवार, २६ मे

मे अखेरच्या सुटीला, दरवर्षीप्रमाणे, केंटकीला आजोबांच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेलो. जाताना साडेतीन तास, येताना साडेतीन. सात तास डॅडी माझ्यापासून दोन फुटांवर होते.

लेक्सिंग्टन मागे पडल्यावर मी म्हटलं, "डॅडी, मला काहीतरी सांगायचंय."

"बाथरूम? दहा मैलांवर पंप आहे."

मी हो म्हटलं. पंपावर उतरले, हात धुतले, परत येऊन बसले.

डोंगरावरच्या कबरस्तानात सगळे जमले होते. चादरी अंथरून मक्याचा पाव, बीन्स, तळलेली कोंबडी. डॅडींचा भाऊ एवरी याने इंजिनाचं विचारलं. डॅडींनी सगळी गोष्ट सांगितली, आता त्यांना ती तोंडपाठ झाली आहे. ड्यूई, बोल्ट, टायमिंग. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आणि प्लग हिने निवडले होते."

काका म्हणाले, "तिला पुढच्या वेळी टायमिंगपण करू दे."

ममा माझ्या ताटलीकडे बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "तीन आठवडे बघतेय, तू अन्न इकडून तिकडे ढकलतेस. कोणी मुलगा आहे का?"

"नाही, ममा."

"मुलगा असता तर सोपं होतं," असं म्हणून ती दिवे मालवायला गेली.


शुक्रवार, ३० मे

मिस्टर ड्यूईंच्या पत्नी, मिसेस आयलीन, रुबार्बच्या आंबट देठांची जुडी घेऊन आल्या. ममाबरोबर स्वयंपाकघरात बसल्या. मी देठ चिरत होते.

"बोरिंग मशीन विकलं त्याने," त्या म्हणाल्या. "सोमवारी नऊ तारखेला रिचमंडचा माणूस ट्रेलर घेऊन येतोय."

ममा थांबली. "सिलिंडर कापायचं मशीन? ते गेल्यावर शेडमध्ये राहिलं काय?"

"शेड राहिली. बेचाळीस वर्षं मी ओरडत होते, जेवायला घरात ये. आता अकरा वाजल्यापासून घरातच असतो. टीव्हीपुढे बसतो आणि आवाज बंद ठेवतो. मी म्हटलं, अरे एका इंजिनाने काय होतं? म्हणाला, कोणी येत नसेल तर मशीनला तेल कोणासाठी पाजू?"

मग माझ्याकडे वळून, "तू आलीस की हा विषय काढायचा नाही अशी मला ताकीद आहे. तुला फार वाईट वाटेल म्हणे. आता तुला का एवढं वाईट वाटावं, ते मला कळेना. पण मी विसरलेच बघ, काढला."

मलाही कळलं नाही. त्यांना माझ्या मनातलं एवढं कसं समजलं? चांगला माणूस आहे, एवढंच सुचतं.

देठ फार बारीक चिरले गेले. 


सोमवार, २ जून

आज मनाने चार उपाय काढले. सगळे लिहिते, वाईटही.

डॅडींना न सांगता नवीन इंजिनात आठ नंबरचे प्लग लावायचे. गाडी नीट चालेल. कोणाला काही कळणार नाही. हा सुचला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. पुरतं अर्धं मिनिट.

मिस्टर ड्यूईंना पत्र लिहायचं. लिहिलंही. दोन पानं झाली, त्यात पहिलं दीड पान बाण किती लहान छापला आहे याबद्दल. बाण लहान नाही. फाडलं.

त्यांना एकट्यांना गाठून सांगायचं. पण त्यांच्यावर बोल लागला तो चारचौघांत. मी शेडमध्ये सांगून मोकळी होणार, ते "असू दे पोरी" म्हणणार, आणि सोमवारी ट्रेलर येणारच.

चौथा उपाय मला नको आहे, म्हणून तो इथे लिहायला दोनदा पेन उचललं आणि दोनदा खाली ठेवलं.

संध्याकाळी फाटकापर्यंत अकरा फेऱ्या मारल्या. शेजारच्यांचा कुत्रा सुरुवातीला भुंकत होता, मग त्यालाही कंटाळा आला.


बुधवार, ४ जून

आज दुपारी बर्ल कॉडिलना फोन केला. आधी फोन केला, मग हे लिहिते आहे, कारण उलट केलं असतं तर फक्त लिहिणंच झालं असतं.

"शनिवारी न्याहारीच्या बैठकीत मला पाच मिनिटं हवी आहेत."

"कशाला गं? कॉलेजसाठी वर्गणी?"

"नाही. डॅडींचं इंजिन का गेलं, त्याबद्दल."

"ते तर ठाऊक आहे आम्हाला."

"तेच. तुम्हाला जे ठाऊक आहे ते चूक आहे."

 पलीकडे रेडिओवर बेसबॉल चालू होतं. "लिआना, हर्शेलला माहीत आहे हे?"

"त्याआधी कळेल."

"बरं. कामकाजाच्या कागदावर तुझं नाव घालतो. आणि हे बघ, घातलं की मी खोडत नाही."

"खोडू नका," मी म्हटलं. त्यासाठीच तर फोन केला होता.

मग मिसेस आयलीनना फोन करून विचारलं, मिस्टर ड्यूई शनिवारी न्याहारीला येतील का. त्या म्हणाल्या, दोन शनिवार गेलेला नाही. मी म्हटलं, काहीही करून आणा. "ओढून आणते," म्हणाल्या, आणि का ते विचारलं नाही.

काय बोलायचं ते लिहून काढलं आहे. सात वाक्यं. बाणाचा उल्लेख नाही. टायमिंग चौतीस अंशांवर होतं, दिवा माझ्या हातात होता, खडूची रेघ हललेली नव्हती. प्लग मी निवडले, चार नंबरचे, आठ हवे होते. नंबर विचारला तेव्हा मी तो सांगितला नाही. ज्यांनी ब्लॉक उचलून नेले त्यांनी ते परत आणून ठेवावेत, अशी विनंती. शेवटचं वाक्य मिस्टर ड्यूईंना उद्देशून आहे आणि ते मला अजून मोठ्याने वाचता आलेलं नाही.

त्यांना आधी कल्पना देता येत नाही, याची रुखरुख आहे. महिनाभर स्वतःची चूक समजून बसलेला माणूस, सगळ्यांच्या देखत एकदम हे ऐकेल. त्यांना केवढा धक्का बसेल. पण आधी सांगितलं तर ते येणार नाहीत, अशी मला का कोण जाणे खात्री वाटते.

राहिले डॅडी. आदल्या रात्री सांगितलं तर सकाळपर्यंत ते मला पटवतील की प्लगची खेपच खराब होती, आणि मला ते पटेल. घरून निघून तिथे पोचायला अकरा मिनिटं लागतात, मालगाडी आडवी आली तर सोळा. ट्रक डॅडी चालवतील, दोन्ही हात चाकावर असतील, मध्ये उतरायला जागा नाही. पहिल्याच वळणाला सुरुवात करायची. त्यांनी पंपाबद्दल विचारलं तर नाही म्हणायचं.

शनिवार, ७ जून. घरून सव्वासातला निघायचं.